चिंचोका लांब का जात नाही?

ज्वारी हुरड्यात आली की पाखरं राखायला रानात माळा घालायचे. आजोबा माळ्यावर उभे राहून गोफण फिरवायचे आणि आम्ही पोरं खालून हातानंच खडे मारायचो. एकदा पैज लागली, कुणाचा खडा सगळ्यात लांब जातो. मी शहाणपणा करून चिंचोका उचलला. हलकी वस्तू लांब जाणार, एवढाच हिशेब. जीव खाऊन फेकला तर तो पंधरा-वीस पावलांवर पडला. धाकट्या भावानं लिंबाएवढा गोटा घेतला आणि बांधापलीकडं टाकला. आजोबा हसून म्हणाले, "वारं खातंय रं त्येला."

उत्तर बरोबर होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं मला कळलं तीस वर्षांनी, सोलापुरात मामांच्या सुतारकामाच्या शेडमध्ये, हातात लाकडी धनुष्य असताना. धनुष्याला आमच्याकडं कामठा म्हणतात. मामा आणि मी गेली काही वर्षं हा एकच उद्योग करतोय: हातानं घडवलेल्या लाकडी कामठ्यातून बाण जास्तीत जास्त लांब कसा जाईल. जगात या खेळाला फ्लाइट आर्चरी म्हणतात.

आपल्याकडं धनुर्विद्या म्हटलं की आधी साताऱ्याच्या अकादमीतली पोरं आठवतात, आणि ते योग्यच आहे. २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत अदिती स्वामी आणि ओजस देवतळे या दोघांनी कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं लावलेल्या धनुष्याच्या प्रकारात वैयक्तिक सुवर्ण आणलं. पण तो नेमाचा खेळ. कंपाउंडचं लक्ष्य ५० मीटरवर असतं, ऑलिंपिकमधलं ७० मीटरवर. फ्लाइटमध्ये लक्ष्यच नसतं. समोर नुसतं मोकळं रान. बाण सोडायचा, चालत जायचं, सापडला तर मोजायचा.

विक्रम ऐकले की माणूस हबकतो. १९७१ मध्ये अमेरिकेच्या हॅरी ड्रेकनं पाठीवर झोपून, दोन्ही पायांनी धनुष्य रेटून १,८५४ मीटर बाण मारला. १९८७ मध्ये डॉन ब्राउननं हातात धरलेल्या धनुष्यातून १,२२२ मीटर गाठले. पण ही सगळी आधुनिक साहित्याची कमाई आहे. निव्वळ लाकडाचं धनुष्य त्याच्या जवळपासही जात नाही, आणि म्हणूनच लाकडाचा खेळ मला जास्त रंगतदार वाटतो. तिथं पैशानं अंतर विकत घेता येत नाही.

आता हिशेबाकडं येऊ. शाळेतलं गणित आहे, घाबरायचं कारण नाही.

समजा धनुष्य ५० पौंडी आहे. म्हणजे दोरी पूर्ण मागं ओढून धरायला सुमारे २२.७ किलोचा जोर लागतो, अर्ध्या सिमेंटच्या पोत्याला थोडा कमी. ओढायला सुरुवात केली तेव्हा हा जोर शून्य होता आणि तो हळूहळू वाढत गेला, म्हणून सरासरी निम्मी धरायची. दोरी अर्धा मीटर मागं आली तर धनुष्यात साठलेली ऊर्जा होते ५५ ज्यूलच्या आसपास. त्यातली थोडी लाकूड स्वतःच्या अंगात जिरवतं. हिशेब सोपा जावा म्हणून हाताशी ५० ज्यूल उरले असं धरू.

हे सगळे ५० ज्यूल बाणाला मिळाले असते तर प्रश्नच नव्हता. बाणाचं वजन निम्मं करा, अंतर दुप्पट. पण दोरी सोडल्यावर फक्त बाण पळत नाही. मुठीच्या वरचा आणि खालचा, असे धनुष्याचे जे दोन वाकणारे भाग असतात, ज्यांना मामा पाती म्हणतात, तीही पुढं झेपावतात. दोरीही झेपावते. त्यांनाही वेग द्यावा लागतो आणि ती ऊर्जा बाणाच्या वाट्यातून जाते. चिंचोक्याचं तेच झालं होतं. चिंचोका चार आण्याचा असला तरी तो फेकण्याआधी मला माझा हात फेकावा लागत होता, आणि हाताचं वजन काही कमी होत नव्हतं. गोटा असो की चिंचोका, हाताचा वेग जवळपास तेवढाच राहिला.

पॉल क्लोपस्टेग नावाचे अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ होते. १९३४ मध्ये त्यांनी तुर्की धनुर्विद्येवर पुस्तक लिहिलं. या गोष्टीचा हिशेब त्यांनी फार सुटसुटीत करून ठेवलाय. ते म्हणत, धनुष्याचं हे खाऊपण म्हणजे बाणाला चिकटलेलं एक न दिसणारं वजन आहे असं समजा. ते बाणाच्या वजनात मिळवा आणि मग वेग काढा.

आपण हे वजन १२ ग्रॅम धरू. बाण ३० ग्रॅमचा असेल तर ऊर्जा ४२ ग्रॅम ढकलते. वेग येतो सेकंदाला सुमारे ४९ मीटर, आणि हवा नाहीच असं मानलं तर अंतर २४३ मीटर. आता बाण निम्मा करा, १५ ग्रॅम. एकूण २७ ग्रॅम झाले, वेग ६१, अंतर ३७८ मीटर. वाढलं, पण दुप्पट नाही. आता बाणाला हातच लावू नका. धनुष्याचं न दिसणारं वजन १२ वरून ८ ग्रॅमवर आणा. अंतर होतं ४४३ मीटर. तोच बाण, तोच दंड, तेवढाच जोर, आणि कागदावर ६५ मीटर जास्त. (हे ४ ग्रॅम म्हणजे तासून काढलेलं लाकूड नव्हे. तेवढा फरक पडायला प्रत्यक्षात त्याहून बरंच जास्त लाकूड उतरावं लागतं, कारण पात्यांचा प्रत्येक भाग बाणाइतका पळत नाही.)

सोलापूरकरांना हे धोट्याच्या मागावरून पटकन कळेल. धोट्याला दणका देणारी काठी असते ना, ती निम्म्या वेळेला स्वतःच्याच अंगाला दणका देत असते. अमेरिकेतल्या गिरण्यांत या काठ्या हिकरीच्या लाकडाच्या असत, आणि हिकरी हेच तिकडं धनुष्यालाही वापरतात. सारखं वाकून सारखं परत येणं, हे काम दोन्हीकडं एकच.

मग लाकूड उतरवायचं कुठून? माझं पहिलं धनुष्य म्हणजे सगळीकडं सारख्या जाडीचा दांडा होता. मामांनी ते हातात घेऊन एकदा हवेत झटकलं आणि म्हणाले, "टोकाला एवढं कशाला ठेवलंयस? तिथं काय काम करतंय ते?" धनुष्याचं टोक सगळ्यात जास्त प्रवास करतं, मुठीजवळचा भाग जवळजवळ जागचा हलत नाही. मुठीजवळच्या दहा ग्रॅमनं फारसं बिघडत नाही. टोकावरचे दहा ग्रॅम बाणाच्या उरावर बसतात.

हे शहाणपण नवं नाही. डेन्मार्कमधल्या होल्मेगॉरच्या दलदलीत एल्म लाकडाची सुमारे ९ हजार वर्षांपूर्वीची धनुष्यं सापडली. पाती रुंद आणि टोकाकडं निमुळती. शिकार करणाऱ्या त्या माणसांकडं ना तराजू होता ना क्लोपस्टेग.

पण टोक बारीक करायचं म्हणजे नेमकं काय कमी करायचं, रुंदी की जाडी? हा खरा सुतारकामाचा प्रश्न. पट्टीची रुंदी दहा टक्के कमी केली तर तिचा ताठरपणा दहा टक्के कमी होतो. जाडी दहा टक्के कमी केली तर ताठरपणा सत्तावीस टक्के कमी होतो, कारण जाडीचा परिणाम तिच्या घनात चालतो: ०.९ गुणिले ०.९ गुणिले ०.९, म्हणजे ०.७२९. म्हणून टोकाकडं रुंदी बिनधास्त उतरवायची, अगदी दोरीची खाच बसेल एवढीच ठेवायची. जाडीला मात्र हात लावताना श्वास रोखायचा. रुंदीत एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, चुकलं तरी खपून जातं. जाडीत चुकलं की धनुष्य तिथं बिजागरीसारखं मुडपतं आणि मग ते तिथंच मरतं.

शेवटची जाडी आम्ही रंध्यानं काढत नाही. काचेच्या तुकड्यानं खरवडतो. धनुष्य भिंतीवरच्या खुंटीला आडवं टेकवायचं, दोरीला कप्पी लावून खालून ओढायचं आणि लांब उभं राहून वळण बघायचं. जिथं ताठ दिसेल तिथं पेन्सिलनं खूण, चार खरवड्या, परत ओढणं. पहिल्याच वेळी पूर्ण ओढायचं नाही, इंच-इंच वाढवायचं. एका धनुष्याला आमचे आठ-दहा दिवस यातच जातात. मामांना याचा कंटाळा येत नाही. मला येतो, आणि माझी धनुष्यं त्यामुळंच कमी मारतात.

लाकूड वाकतं तेव्हा समोरची बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते आणि आपल्याकडची बाजू, म्हणजे पोट, दबतं. बहुतेक लाकडं ताण सहज सोसतात, दाब तेवढा सोसत नाहीत. त्यामुळं पोटातले तंतू हळूहळू चेपतात आणि दोरी काढल्यावरही धनुष्य थोडं वाकलेलंच राहतं. असं धनुष्य तुटत नाही, पण त्याच्यातला राग जातो. याला उपाय म्हणजे काम करणारा भाग रुंद आणि पातळ ठेवणं, म्हणजे दाब वाटला जातो. पाठीवरचा एकही तंतू, झाडाच्या वाढीचं एकही वर्तुळ कापायचं नाही, हा दुसरा नियम. बांबूची बाहेरची साल ताणाला इतकी चिवट असते की ती पाठीला चिकटवली की निम्मी काळजी मिटते. सह्याद्रीकडचं धामणीचं लाकूड मिळालं तर उत्तम. आमची बाभूळ दाब चांगला सोसते पण जड आहे आणि सरळ मिळणं नशिबाचा भाग.

बाणाकडं वळण्याआधी माझी फजिती सांगतो. हलका बाण लांब जातो हे कळल्यावर मी उसाच्या तुऱ्याच्या दांड्याचा बाण केला. सरळसोट, गुळगुळीत, वजन जेमतेम. मामा जेवायला गेलेत बघून सोडला. बाण दहा हातांवर भेलकांडत पडला आणि वरचं पातं फटाक्यासारखं वाजून फुटलं. रिकामी दोरी सोडू नये असं का म्हणतात ते तेव्हा समजलं. बाणानं जी ऊर्जा उचलली नाही ती लाकडातच उरली, आणि लाकडानं ती फुटून बाहेर टाकली. तेव्हा हलका म्हणजे किती हलका, याला खालून मर्यादा आहे, आणि ती प्रत्येक धनुष्याची वेगळी.

उलट टोकाचं उदाहरण इंग्लंडचं. १५४५ मध्ये बुडालेल्या मेरी रोझ जहाजात यू लाकडाची शंभराहून जास्त युद्धधनुष्यं सापडली. त्यांच्यासारखंच १५० पौंडी धनुष्य बनवून मारून पाहिलं गेलं. ५३.६ ग्रॅमचा बाण ३२८ मीटर गेला, ९५.९ ग्रॅमचा २५० मीटर. चिलखतावर आदळायचं असेल तर जड बाण हवाच. पण ज्याला फक्त लांब जायचंय त्याला तो कशाला?

या विद्येत सगळ्यात पुढं गेले ते ऑटोमन तुर्क. इस्तंबूलमध्ये ओकमेदानी, म्हणजे बाणांचं मैदान, १४५३ मध्ये शहर जिंकल्यावर सुलतान मेहमदनं राखून ठेवलं. विक्रमी बाण जिथं पडे तिथं कोरीव दगड उभारत, आपल्याकडच्या वीरगळांसारखा, फक्त मेलेल्या माणसाऐवजी पडलेल्या बाणाचा. मान्यताप्राप्त धनुर्धर व्हायला ९०० गेझ, म्हणजे जवळजवळ ५९४ मीटर, मारावं लागे. तोझकोपारान इस्केंदरच्या नावावर १,२८१ गेझांहून जास्त, म्हणजे सुमारे ८४६ मीटर नोंदलेत. त्यांची धनुष्यं शिंग, लाकूड आणि जनावरांच्या स्नायूंचे तंतू एकत्र चिकटवलेली असत: शिंग पोटात, दाब सोसायला, तंतू पाठीवर, ताण सोसायला. लाकूड नुसतं मधे, दोघांना धरून ठेवायला. १७९० च्या दशकात लंडनमधल्या तुर्की वकिलातीतल्या महमूद एफेंदीनं तिथल्या शौकिनांसमोर वाऱ्याविरुद्ध ४१५ यार्ड आणि वाऱ्याबरोबर ४८२ यार्ड मारून दाखवले. इंग्रज मंडळींची तोंडं पाहण्यासारखी झाली असतील.

बाण कसा असावा हेही तुर्कांकडूनच शिकावं. साधारण दोन फुटांचा, मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता. मधे जाडी का? दोरी ढकलते तेव्हा बाण मधेच वाकतो, म्हणून ताकद तिथं हवी, टोकांना नको. पिसं अगदी छोटी, कारण मोठी पिसं म्हणजे चालत्या गाडीला लावलेला ब्रेक. बाण आखूड आणि ओढ मात्र लांब, मग टोक धनुष्याच्या आत येणार. त्यासाठी ते मनगटावर एक छोटं पन्हाळीसारखं साधन बांधत, सिपर, त्यातून बाण सरकत जाई.

आणि बाण सुटताना डुलला तर सगळं पाण्यात. हवेतून गुळगुळीत सरकणाऱ्या बाणावर जेवढा रोध, त्याच्या दुपटीजवळ रोध बाणालगतचा हवेचा थर विस्कटला की येतो. जपानमधल्या संशोधकांनी वाऱ्याच्या बोगद्यात चुंबकाच्या जोरावर बाण अधांतरी तोलून हे मोजलंय. त्यामानानं कोन चुकणं क्षम्य. हवा नसती तर ४५ अंश सर्वोत्तम, हवेमुळं त्याहून किंचित कमी बरा. पण ४० अंशांवर सोडला तरी तोटा दीड टक्क्याचा, ३५ वर सहाचा. नवखी माणसं कोन मोजायच्या पट्ट्या घेऊन बसतात आणि बोटं मात्र दोरीवरून घासटत सोडतात.

आता सोलापूरचं. हवा जितकी विरळ तितका रोध कमी. अमेरिकेतल्या या खेळाच्या बऱ्याच स्पर्धा बॉनव्हिलच्या मीठमैदानावर झाल्या आहेत. ते जवळपास १,२८० मीटर उंचीवर आहे आणि सपाटीचं तर विचारू नका. सोलापूर साडेचारशे मीटर उंच, पण आपल्याकडं ऊन आहे. ४० अंशांची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा आठ टक्के हलकी असते. उंची धरली तर मे महिन्यात भर दुपारी इथली हवा समुद्रकाठच्या थंड हवेपेक्षा १३ टक्क्यांच्या आसपास विरळ भरते. मला ऐकून फार आनंद झाला होता. मामांनी तो टिकू दिला नाही.

कारण त्याच मे महिन्यात लाकूडही सुकतं. धनुष्याच्या लाकडात आठ ते दहा टक्के ओलावा असला की ते जोमात असतं. आपल्या उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत ते पाच-सहा टक्क्यांवर उतरतं आणि काचेसारखं कडक होतं. पावसाळ्यात उलटं: ओलावा पंधराच्या आसपास, लाकूड मऊ, बाण आळशी. हवेला मे हवा, लाकडाला दिवाळी. मामा उन्हाळ्यात सगळी धनुष्यं रांजणाशेजारी आडवी ठेवतात. शेवटी आम्ही मधला मार्ग काढला: फेब्रुवारीचा शेवट ते मार्चची सुरुवात. ऊन चढलेलं असतं, लाकूड अजून शाबूत असतं आणि मुख्य म्हणजे ज्वारी काढून झालेली असते, रान मोकळं असतं. (मोकळं रान म्हणून कुणी नान्नजकडं बघू नये. ती माळढोकाची जागा आहे, तिथं बाणाचा विचारही नको.)

आमची स्पर्धा मंगळवेढ्याकडच्या पाहुण्यांच्या रानात होते. माणसं पाच-सहा, पण नियम आम्ही जगाचेच घेतो. धनुष्य त्याच दिवशी ताणकाट्यावर ओढून त्याचा गट ठरवायचा, ३५ पौंडी किंवा ५० पौंडी. घरी मोजलेलं चालत नाही, लाकडाचा ओलावा बदलला की ओढही बदलते. एकाच लाकडाची धनुष्यं वेगळी, बांबू किंवा तंतू चिकटवलेली वेगळी. उभं राहायच्या जागेपासून सरळ एक रेघ आखलेली असते आणि अंतर त्या रेघेवरच मोजतात: बाण जिथं रुतला तिथून रेघेवर काटकोन टाकायचा आणि तो जिथं मिळतो तिथपर्यंतचं अंतर धरायचं. बाण ३०० मीटर गेला पण ३० मीटर बाजूला, तर हाती पडतात २९८.५. म्हणजे बाजूला जाण्याचा दंड असतो, पण फार कडक नाही. सोडण्याआधी दोघंजण दोन्ही अंगांनी फिरून येतात. कडब्याच्या गंजीमागं कुणी विसावलंय का, मेंढरं आलीत का, हे बघितल्याशिवाय कुणी दोरीला हात लावत नाही.

आणि मग शोध. बॉनव्हिलच्या पांढऱ्या मिठावर बाण लांबून दिसतो म्हणे. आमच्या काळ्या रानाला मार्चमध्ये हात-हात भेगा पडतात, वर ज्वारीची धसकटं, आणि प्रत्येक धसकट लांबून बाणच वाटतं. शेपटाला केशरी रंग फासूनही दर वेळी एक-दोन बाण जातातच. न सापडलेला बाण मोजत नाहीत.

गेल्या खेपेला मामांचा तिसरा बाण सगळ्यांत लांब गेला, हे आम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. दोन तास शोधला. जमीन गिळून बसली. मे महिन्यात पाहुण्यांचा फोन आला, नांगरटीत केशरी शेपटाचा बाण वर आलाय, किती लांब गेला म्हणून धरायचा? मामांनी जागा विचारून घेतली, मनातल्या मनात हिशेब केला आणि म्हणाले, नांगरानं हलवलेला बाण धरत नाहीत.